बोटं गेली, चूक कोणाची?

(सोयाबीनच्या मळणीआधी जिंतूर तालुक्यात शेतकरी, यंत्रमालक आणि मजूर यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आणखी पंधरा दिवसांत मळणीयंत्रं रानात उतरतील. त्याआधी तुम्ही सगळ्यांनी एका सतरंजीवर बसावं, म्हणून ही बैठक. आणि मला माझी एक चूकही कबूल करायची आहे.

तीन वर्षांमागची गोष्ट. आंध समाजातला पंचवीस वर्षांचा एक मुलगा यंत्रावर घास टाकायच्या कामाला होता. मजुरी यंत्रमालक देत होता. रात्रीचे अकरा वाजलेले, पावसाची चिन्हं, सगळ्यांनाच घाई. काम लवकर उरकावं म्हणून तोंडावरचं झाकण मालकानेच काढून ठेवलं होतं. मुलाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

यंत्रमालक म्हणाला, "हात आत घालायला मी सांगितलं होतं का?" शेतकरी म्हणाला, "यंत्र माझं नाही." मुलाची आई म्हणाली, "ताई, आमचंच नशीब."

मला मध्यस्थीला बोलावलं. समेट घडवणं हेच आपलं काम, असं मला वाटलं. पंधरा हजार रुपये ठरले. स्टँपपेपरवर 'पुढे काही मागणी नाही' असं लिहून घेतलं आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. सगळ्यांनी चहा घेतला. मी समाधानाने घरी आले.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, दुसऱ्याच कामासाठी एका वकिलांकडे गेले होते. बोलता बोलता हा विषय निघाला. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. १९२३ च्या भरपाई कायद्यात तीन बोटं जाणं म्हणजे कमाईची ३० टक्के ताकद जाणं. महिन्याची मजुरी ९,००० धरली आणि वय २५, तर भरपाई साडेतीन लाखांच्या आसपास होते. मी पंधरा हजारांवर सही केली होती.

आता कायदा नीट ऐका. मोटारीच्या किंवा विजेच्या यंत्राने चालणारी शेतीही या कायद्यात येत होती. कामामुळे, काम चालू असताना इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक होती का, हे त्यात विचारत नाहीत. मजूर बेसावध होता, डुलकी लागली, एवढ्याने त्याचा हक्क जात नाही. मग जातो कधी? तो नशेत असेल, सुरक्षेचा हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा झाकण त्याने स्वतः मुद्दाम काढलं असेल, आणि अपघात त्यामुळे झाला असेल तर. पण मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं, तर मालकाला तेही कारण पुढे करता येत नाही. आणि हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे रद्दच. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हाच गाभा आहे; घरापासून कामापर्यंतच्या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, तिने धरला आहे.

ही वाट आपल्याला परकी नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बायका ट्रॅक्टरमधून शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत कोसळला. सात जणी गेल्या. १९९९ पर्यंत वसमत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. सरकारने मदत जाहीर केली, चांगलंच केलं. पण मदत ही दया असते. भरपाई हा हक्क असतो. एक मिळाली म्हणून दुसरा संपत नाही.

माझ्या धर्मशास्त्रातही हा विचार जुना आहे. निर्गमच्या पुस्तकात सांगितलंय की खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात कोणाचा बैल पडला, तर खड्डेवाल्याने भरून द्यावं. बैलाने खाली का पाहिलं नाही, असं तिथे कोणी विचारत नाही. बैलाला हा न्याय, तर माणसाला किती?

यंत्रमालकांनो, तुमच्याही डोक्यावर कर्ज आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, मजुरांचा विमा उतरवा. तो हप्ता एका अपघातापेक्षा हलका पडतो. रात्री कामाला पुरेसा उजेड आणि बदली माणूस ठेवा.

मजूर भावांनो, बायांनो, तुमचीही जबाबदारी आहे. पिऊन यंत्राजवळ जाऊ नका. पदर, ओढणी, उपरणं घट्ट खोचा. झाकण नसेल तर काम नाही, हे एकाने म्हणून भागणार नाही, सगळ्या टोळीने म्हणा. अपघात झालाच तर दवाखान्यात 'पडलो' म्हणू नका, खरं कारण लिहायला लावा. मालकाला लेखी कळवा. दोन वर्षांच्या आत दावा करा. परभणीच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आदिवासींना आणि बायांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

त्या मुलाची मुदत टळली होती. पण पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. आम्ही दावा दाखल केला आहे. उशिराचं कारण म्हणून माझं नाव लिहा, असं मीच सांगितलं. निकाल अजून यायचा आहे. तारखेला मी साक्षीला उभी राहणार आहे, माझ्याच सहीविरुद्ध.

तुम्हाला एवढंच मागते. यंत्र बाहेर काढाल तेव्हा आधी झाकण बसवा, मग पट्टा चढवा.