मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

(हिर्डोशी येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्याकडे पापड-लोणची, बचतगट, मुलींचे शिक्षण यांवर पुष्कळ बोलणे होते. मी मात्र आज जरा अवघड विषय घेतला आहे. मनाच्या दुखण्यासाठी तज्ज्ञाकडे जावयाचे म्हटले की आधी काही प्रश्न आडवे येतात. मी त्यातली शिकलेली नव्हे. पण ते प्रश्न माझ्याच घरात उभे राहिले.

माझ्या सुनेचे पहिले बाळंतपण ऐन भातलावणीत झाले. महिना उलटला तरी ती बाळाकडे नीट पाहीना, रात्री झोपेना, कोणी विचारले की रडू लागे. मी तिला म्हणाले, "आम्ही काय बाळंत झालो नव्हतो?" हे सांगताना आज मला लाज वाटते. मग दृष्ट काढली, अंगारा लावला. असे दोन महिने गेले. एके दिवशी ती म्हणाली, "आत्या, मी नसले तर बाळाचं बरं होईल." तेव्हा माझे पायच गळाले. आशाताईंनी भोरला डॉक्टरांना दाखवावयास सांगितले आणि तेथून आम्ही पुण्यास गेलो. सुनेची परवानगी घेऊनच मी हे सांगत आहे.

पहिला प्रश्न, लोक वेडी म्हणतील का? भगिनींनो, झोप उडणे, धास्ती बसणे, दुःख न ओसरणे हे वेड नव्हे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या शंभर बायकांपैकी सुमारे १३ जणींना मनाचा आजार, बहुतेक करून नैराश्य, होतो. मग माझी सून एकटी कशी?

दुसरा प्रश्न, जावयाचे कोणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. ते औषध देतात. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. पुष्कळदा दोघे मिळून काम करतात. रुग्णांवर उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारण्यात संकोच नको.

तिसरा प्रश्न, तेथे काय विचारतील? बहुधा पाऊण तासाची भेट असते. झोप, भूक, घर, काळजी यांविषयी विचारतात. पहिल्याच दिवशी सगळे सांगितले पाहिजे असे नाही. रडू आले तर रडावे. घरी करावयास थोडा अभ्यासही देतात. माझ्या सुनेला रोज एक लहानसे काम ठरवून करावयाचे आणि मनात आलेले विचार वहीत लिहावयाचे, असे सांगितले होते.

चौथा प्रश्न सर्वांत मोठा. सांगितलेले गावभर होईल का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. मी त्या बाईंना हळूच विचारले, "ती माझ्याविषयी काय म्हणाली?" त्या नुसत्या हसल्या. तेव्हा मला राग आला. आज कळते की त्या सांगणार नाहीत हा भरवसा होता म्हणूनच माझी सून बोलली.

पाचवा प्रश्न, गोळ्यांची सवय लागते का? झोपेच्या काही गोळ्यांची लागू शकते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. नैराश्यावरच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. पण गुण दिसावयास काही आठवडे लागतात, आणि त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बाळ अंगावर पीत असेल तर तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

सहावा प्रश्न, दिवस किती आणि पैसे किती? कोणाला पाच-सहा भेटी पुरतात, कोणाला वर्षही लागते. खाजगी ठिकाणी फी आधीच विचारावी. सरकारी रुग्णालयात खर्च कमी येतो. एकाशी मन जुळले नाही तर दुसरे तज्ज्ञ पाहावेत, त्यात अपमान कोणाचा नाही. पावसात घाटाचा रस्ता बंद झाला तर घरून १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलता येते.

शेवटचा प्रश्न एका भगिनीने मला ओट्यावर विचारला : नवरा पितो, तो यावयास तयार नाही, मग मी एकटीने जाऊन काय उपयोग? उपयोग आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या बायकांचेही ऐकून घेतात. दुखणे एकाचे असले तरी ते सोसते सारे घर.

माझी सून सावकाश बरी झाली. नातू आता अंगणात कोंबड्यांमागे धावतो. पण ते दोन महिने माझ्या बोलण्यामुळे वाया गेले, हे मी विसरू शकत नाही. म्हणून मंडळाला एकच विनंती. बाळंतिणीला पाहावयास जाल तेव्हा बाळ कोणासारखे दिसते हे जरूर सांगा, पण तिच्याजवळ घटकाभर बसून "तुला झोप लागते का गं?" एवढेही विचारा. आणि ती जे सांगेल ते मधे न बोलता ऐका.