पॉटकेटचें बेसबॉल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आकारानें सर्वांत लहान संस्थान म्हणजे ऱ्होड आयलंड. आणि त्या लहानशा संस्थानांतलें एक मध्यम वस्तीचें गिरण्यांचें शहर म्हणजे पॉटकेट. ब्लॅकस्टोन नदीच्या धबधब्यापाशीं वसलेल्या या गांवीं इंग्लंडांतून आलेल्या सॅम्युएल स्लेटर नांवाच्या कारागिरानें १७९० सालीं पाण्याच्या जोरावर कापसाचें सूत काढणारीं यंत्रें चालू केलीं, आणि अमेरिकेच्या कापडधंद्याचा पाया येथें घातला गेला. १७९३ सालीं उभारलेली गिरणीची इमारत स्मारक म्हणून अद्याप जतन करून ठेविलेली आहे. पुढें कापडाचा धंदा दक्षिणेकडील संस्थानांत गेला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि सुमारें पाऊण लाख वस्तीच्या या शहराचें नांव बाहेरच्या जगाच्या कानीं पडलें तें मुख्यतः एका खेळाच्या मैदानामुळें. त्या मैदानाची हकीकत ही एका खेळाची हकीकत आहेच. पण ज्यावर आपण जीव लावतों तें खरोखर आपलें असतें काय, हा जुनाच प्रश्नही तींत गुंतलेला आहे.

क्रिकेटच्या सवयीच्या श्रोत्यांस बेसबॉलची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. प्रत्येक संघांत नऊ खेळाडू असतात. सामना नऊ डावांचा असतो, आणि एका डावांत प्रत्येक बाजूचे तीन गडी बाद झाले कीं ती बाजू संपली. बरोबरीवर समाधान मानणें या खेळाच्या स्वभावांत नाहीं. नऊ डावांनंतर धावा सारख्या असतील, तर निकाल लागेपर्यंत दहावा, अकरावा, बारावा असे डाव वाढत जातात. हा नियम पुढें पॉटकेटच्या मैदानावर कोणत्या थराला गेला तें पुढें येईलच.

न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो अशा मोठ्या शहरांचे संघ ज्या स्पर्धेंत खेळतात तिला तिकडे मेजर लीग, म्हणजे वरिष्ठ मंडळ म्हणतात. तिच्याखालीं पायऱ्यापायऱ्यांनीं रचलेलीं कनिष्ठ मंडळें असतात. १९०१ सालीं या कनिष्ठ मंडळांनीं आपली एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली, आणि लहान लहान गांवांचे संघ तिच्या आश्रयानें स्वतंत्रपणें खेळूं लागले. चांगला खेळाडू निपजला म्हणजे त्याला वरिष्ठ संघास विकावें आणि त्या पैशावर आपला संसार चालवावा, अशी त्यांची रीत असे. १९२० नंतरच्या दशकांत सेंट लुई येथील संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं ही रीत पालटली. खेळाडू विकत घेण्यापेक्षां कनिष्ठ संघच हाताशीं धरावे आणि शेतांत पीक काढावें तसे खेळाडू तयार करावे, ही त्यांची कल्पना. म्हणूनच अशा संघांना तिकडे शेताचेंच नांव पडलें. तेव्हांपासून कनिष्ठ संघाच्या खेळाडूंचा पगार वरिष्ठ संघ देतो, आणि कोणी कोठें खेळावें हेंही तोच ठरवितो. गांवच्या मालकाच्या हातीं राहतें तें मैदान, तिकिटांचा गल्ला आणि खाण्यापिण्याच्या दुकानांचें उत्पन्न. गांवानें ज्याला डोक्यावर घ्यावें तो खेळाडू नेमका भर मोसमांत वर बोलाविला जातो. आणि गांवानेंही त्याबद्दल आनंदच मानावा, अशी अपेक्षा असते.

पॉटकेटला बेसबॉलचा संघ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच होता. परंतु मोठें मैदान मिळालें तें तेथील नगराध्यक्ष टॉमस मॅकॉय यांच्या हट्टामुळें. मंदीच्या काळांत बेकारांना काम देण्यासाठीं मध्यवर्ती सरकारनें जी योजना काढली होती तिचा लाभ घेऊन, हॅमंड पाँड या दलदलीच्या जागेवर त्यांनीं क्रीडांगण बांधावयास घेतलें. चिखलांत भराव घालतां घालतां खर्च दहा लाख डॉलरांच्या पलीकडे गेला, आणि लोक त्यास मॅकॉय यांचा वेडेपणा म्हणूं लागले. १९४२ सालीं तें मैदान पुरें झालें. १९४५ सालीं मॅकॉय वारले, आणि पुढच्याच वर्षीं मैदानास त्यांचें नांव देण्यांत आलें. एकदां मनुष्य गेला म्हणजे त्याचा वेडेपणा दूरदृष्टि ठरतो, हा अनुभव कोणत्याही नगरपालिकेस नवा नाहीं.

१९४६ सालीं न्यू इंग्लंड मंडळ पुन्हां सुरू झालें, आणि त्यांत पॉटकेटचा संघ आपल्या आद्य गिरणीमालकाच्या नांवानें स्लेटर्स म्हणून उतरला. याच मंडळांत त्या वर्षीं नॅशुआ या गांवच्या संघांतून रॉय कँपॅनेला आणि डॉन न्यूकम हे दोन नीग्रो खेळाडू खेळले. विसाव्या शतकांत संयुक्त संस्थानांतील शहराच्या व्यावसायिक बेसबॉल संघांत गोरे व नीग्रो एकत्र खेळल्याचें तें पहिलें उदाहरण मानलें जातें. आणि वर्णभेदाची ती भिंत वरिष्ठ मंडळांत पडण्यापूर्वीं अशा लहान गांवांच्या मैदानांवर ढासळूं लागली होती, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

१९४९ हें साल कनिष्ठ मंडळांच्या भरभराटीचें शिखर होय. देशभर ५९ मंडळें चालू होतीं आणि त्यांच्या प्रेक्षकांची संख्या वर्षास सुमारें चार कोटींवर गेली होती. पण त्याच सुमारास घरोघर टेलिव्हिजन आलें. न्यूयॉर्क-बोस्टनचा खेळ बैठकीच्या खोलींत दिसूं लागल्यावर गांवच्या मैदानावर थंडींत जाऊन बसण्यास माणसें कमी होऊं लागलीं. १९६३ पर्यंत मंडळांची संख्या विसाच्या आंत आली. न्यू इंग्लंड मंडळ तर १९४९ सालींच मिटलें, आणि पॉटकेटचें मैदान कनिष्ठ मंडळाच्या संघावांचून कित्येक वर्षें राहिलें. १९७० सालीं बोस्टनच्या रेड सॉक्स संघानें आपला एक कनिष्ठ संघ येथें ठेविला, आणि १९७३ सालीं सर्वांत वरच्या पायरीचा संघ पॉटकेटला आला. वरिष्ठ मंडळाचें दार तेथून एकच पाऊल दूर होतें.

तरीसुद्धां संघ कर्जांत बुडत चालला होता. १९७७ सालीं तो बेन माँडोर यांनीं घेतला. मूळचे कॅनडांतल्या क्विबेकचे, जवळच्या वूनसॉकेट गांवीं वाढलेले आणि कापडगिरण्यांच्या धंद्यांतून निवृत्त झालेले हे गृहस्थ खेळाचे जाणकार म्हणून प्रसिद्ध नव्हते. पहिल्याच वर्षीं संघ मंडळांत पहिला आला, परंतु सामन्यास सरासरी हजारभरच प्रेक्षक येत. माँडोर यांनीं ताडलें कीं, दुखणें खेळाचें नाहीं, मैदानाचें आहे. त्यांनीं मैदान झाडून पुसून लख्ख केलें, दंगेखोरांना बाहेरची वाट दाखविली, आणि तिकिटांचे दर इतके कमी ठेविले कीं गिरणींत राबणाऱ्या माणसानें बायकामुलांसह यावें. खेळाडूंच्या बसण्याची जागा तेथें प्रेक्षकांच्या पुढल्या रांगांखालीं होती. तेव्हां मुलें रिकाम्या बाटल्या कापून त्यांत चेंडू व लेखणी ठेवीत आणि दोरीनें खालीं सोडीत. खेळाडू चेंडूवर सही करी आणि दोरी वर ओढली जाई. विहिरीवर घागर सोडावी तसा हा प्रकार चाले, आणि त्यांतल्या कित्येक सह्या पुढें देशभर गाजलेल्या माणसांच्या निघाल्या.

१८ एप्रिल १९८१, शनिवार, ईस्टरच्या आदली रात्र. पाहुणा संघ रॉचेस्टर शहराचा. दिव्यांत बिघाड झाल्यामुळें सामना अर्धा तास उशिरां, रात्रीं आठच्या सुमारास सुरू झाला. प्रेक्षक होते १,७४०. नऊ डावांनंतर दोन्ही बाजूंची एकेक धाव. एकविसाव्या डावांत रॉचेस्टरनें एक धाव काढली, आणि पॉटकेटच्या वेड बॉग्जनें तडाखा देऊन ती फेडली. त्याचेच सोबती त्याच्यावर वैतागले असल्यास नवल नाहीं, कारण थंडी गोठण्याच्या खालीं गेली होती आणि समोरून येणारा वारा मारलेले चेंडू मागें लोटीत होता. खेळाडूंनीं मोडक्या बॅटी पिंपांत पेटवून हात शेकले. मध्यरात्रीनंतर ठराविक वेळेपुढें नवा डाव सुरू करूं नये, असा मंडळाचा नियम होता. पण पंचांच्या हातांतल्या पुस्तकांत नेमकें तें कलमच छापावयाचें राहिलें होतें. नियम पुस्तकांत नाहीं तर तो पाळतां येत नाहीं, या निष्ठेनें पंचांनीं खेळ चालू ठेविला. अखेर टेलिफोनवर मंडळाच्या अध्यक्षांची गांठ पडली, आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनीं, बत्तीस डावांनंतर, दोन-दोन अशा बरोबरींत खेळ थांबला. त्या वेळीं प्रेक्षकांत एकोणीस माणसें उरलीं होतीं.

तो सामना २३ जून रोजीं पुढें सुरू झाला. मध्यंतरीं वरिष्ठ मंडळाच्या खेळाडूंनीं संप पुकारल्यामुळें देशांतल्या वृत्तपत्रांना लिहिण्यास दुसरा खेळच नव्हता, आणि पॉटकेटच्या मैदानाला कधीं मिळाली नव्हती अशी प्रसिद्धि मिळाली. तेहतिसावा डाव अठरा मिनिटांत आटोपला. डेव्ह कोझा याच्या फटक्यावर मार्टी बॅरेट धांवत आला आणि पॉटकेटनें तीन-दोन असा विजय मिळविला. एकंदर खेळ ८ तास २५ मिनिटे झाला. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांब सामना होय.

त्या सामन्यांत खेळलेले वेड बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकेन हे पुढें बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत जाऊन बसले. रिपकेननें तर २,६३२ सामने एकही न चुकवितां सलग खेळण्याचा विक्रम केला. परंतु ज्याच्या फटक्यानें तो सामना संपला तो डेव्ह कोझा वरिष्ठ मंडळांत एकही सामना खेळला नाहीं. कनिष्ठ संघाचें सारें मर्म या एका गोष्टींत आहे. तेथें एकाच बांकावर उद्यांचा नामांकित आणि उद्यांचा विस्मृत असे शेजारी शेजारी बसलेले असतात. त्या घडीला कोण कोणता हें प्रेक्षकांनाही कळत नाहीं आणि त्या दोघांनाही कळत नाहीं. थंडी मात्र दोघांना सारखीच वाजते.

माँडोर यांच्या कारकीर्दींत मैदान वाढविण्यांत आलें आणि २००५ सालच्या मोसमांत ६,८८,४२१ प्रेक्षक आले, म्हणजे शहराच्या वस्तीच्या कितीतरी पट. २०१० सालीं माँडोर वारले. २०१५ सालीं संघ नव्या मालकांच्या हातीं गेला, आणि त्यांना नवें क्रीडांगण हवें होतें. प्रथम तें शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरीं बांधण्याचा बेत झाला व फसला. मग पॉटकेटमध्येंच बांधण्याची योजना निघाली. दोहोंतही सरकारी पैशाची अपेक्षा होती. ऱ्होड आयलंडच्या करदात्यांना मात्र नुकताच चटका बसलेला होता. एका खाजगी खेळ-कंपनीसाठीं राज्यानें साडेसात कोटी डॉलरांच्या कर्जाची हमी दिली होती, आणि ती कंपनी २०१२ सालीं दिवाळखोर झाली होती. विधिमंडळांत वाटाघाटी लांबल्या, अटी बदलल्या, आणि १७ ऑगस्ट २०१८ रोजीं संघ मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरीं जाणार असें जाहीर झालें. त्या शहरानें क्रीडांगण बांधून देण्याचें कबूल केलें होतें.

निरोपाचा मोसम २०२० चा ठरला होता. महामारीमुळें तो झालाच नाहीं. त्या उन्हाळ्यांत रिकाम्या मैदानाच्या हिरवळीवर टेबलें मांडण्यांत आलीं, आणि गांवकऱ्यांनीं जेथें आजवर खेळाडूंनाच पाय ठेवतां येत असे तेथें बसून जेवण केलें. २०२१ पासून संघ वूस्टरला खेळूं लागला. त्याच वर्षीं वरिष्ठ मंडळानें साऱ्या कनिष्ठ मंडळांची व्यवस्था स्वतःकडे घेतली आणि आश्रित संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. तेव्हां अनेक लहान गांवांची गत पॉटकेटसारखी झाली. २०२२ सालीं पॉटकेटच्या मतदारांनीं मॅकॉय मैदानाच्या जागीं नवी माध्यमिक शाळा उभारण्यासाठीं कर्जास संमति दिली, आणि २०२५ सालीं जुनें क्रीडांगण पाडण्यांत आलें. त्याच वर्षीं नदीकांठीं फुटबॉलचें नवें क्रीडांगण उघडलें. त्यालाही सार्वजनिक पैशाचें साहाय्य घ्यावें लागलेंच.

येथें दोष कोणाचा, हें ठरविणें सोपें नाहीं. खाजगी मालकासाठीं जनतेचा पैसा कां खर्चावा, हा करदात्यांचा प्रश्न रास्त होता. चाळीस वर्षें ज्या लोकांनीं मैदान भरविलें त्यांचा संघावर कांहींच हक्क कसा नाहीं, हा प्रेक्षकांचा प्रश्नही तितकाच रास्त होता. कायद्याच्या दृष्टीनें मात्र दुसऱ्या प्रश्नाला उत्तर एकच होतें: हक्क नाहीं.

पण हें उत्तर सर्वत्र सारखें नसतें. त्या लांबलेल्या सामन्यांतला जो पाहुणा संघ, त्या रॉचेस्टरवर हाच प्रसंग १९५६ च्या अखेरीस आला होता. सेंट लुईच्या वरिष्ठ संघानें तेथून अंग काढून घेण्याचें ठरविलें होतें. तेव्हां मॉरी सिल्व्हर नावाच्या स्थानिक व्यापाऱ्यानें पुढाकार घेतला, संघाचे भाग दहा-दहा डॉलरांस विक्रीस काढले, आणि १९५७ सालीं ८,२२२ भागीदारांनीं मिळून संघ विकत घेतला. तेथेंही खेळाडू वरूनच येतात आणि वरच जातात. वरिष्ठ संघाशीं असलेलें नातें कैक वेळां बदललें, क्रीडांगणही बदललें. परंतु संघ रॉचेस्टर सोडून गेला नाहीं.

१९८१ च्या त्या रात्रीं दोन्ही गांवांचा खेळ बत्तीस डाव सारखाच राहिला, आणि तेहतिसाव्यांत पॉटकेट जिंकलें. मैदानाबाहेरच्या खेळांत रॉचेस्टरच्या लोकांनीं चोवीस वर्षें आधींच आपला डाव साधला होता. खेळाडू उसने असले तरी चालतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. घर मात्र स्वतःचें असावें लागतें, आणि तें संकट येण्यापूर्वीं नाहीं तर निदान संकट दारांत उभें असतांना तरी घ्यावें लागतें. पॉटकेटच्या नव्या शाळेंत जीं मुलें शिकतील त्यांना आपल्या पायाखालच्या जमिनीवर एकदां पहाटेपर्यंत खेळ चालला होता, हें सांगावें लागेल. सांगणारीं माणसें गांवांत अजून पुष्कळ आहेत. त्या रात्रीं शेवटपर्यंत बसलों होतों असें सांगणारे मात्र एकोणिसांहून बरेच अधिक भरतील.