कावळा आणि फांदी

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडते, आणि आळ बिचाऱ्या कावळ्यावर येतो. संगणकाच्या बाबतीत हा काकतालीय न्याय फार महागात पडू शकतो. कचेरीतील संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती चढविली जाते, संगणक पुन्हा सुरू होतो, आणि पडद्यावर डिस्क कंट्रोलरच्या चुकांची रांग लागते. वर्षानुवर्षांचे हिशेब त्या डिस्कवर असतात. कोणी म्हणतो, नव्या आवृत्तीनेच घात केला. कोणी म्हणतो, डिस्कच गेली. तिसरा सगळे पुसून नव्याने मांडणी करावयास निघतो. या तिघांत तिसरा अधिक घातक होय. चुकलेले निदान सुधारता येते. पुसलेले हिशेब परत मिळतीलच असे नाही.

डिस्क कंट्रोलर हा संगणक आणि डिस्क यांच्यामधील दुभाषी. त्याच्याशी व्यवहार कसा करावयाचा, हे ऑपरेटिंग सिस्टिममधील ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम जाणतो. आवृत्तीबरोबर हा ड्रायव्हरही बदलू शकतो, आणि मग धडधाकट डिस्कही संगणकास सापडेनाशी होते.

चेन्नईत घडलेल्या एका भारतीय प्रणालीच्या मूळ घराण्यात असेच झाले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्राने ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’, अर्थात ‘बॉस’, ही प्रणाली सिद्ध केली. २००७ साली ती लोकांपुढे आली, आणि तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. ती लिनक्सच्या डेबियन या शाखेवर आधारलेली आहे. डेबियनची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०११ मध्ये निघाली, तेव्हा जुन्या आयडीई कंट्रोलरांचे ड्रायव्हर बदलले आणि ‘एचडीए’ म्हणून ओळखली जाणारी डिस्क ‘एसडीए’ झाली. सासरी नाव बदललेल्या मुलीचा तपास माहेरच्या नावाने करावा, तशी गत झाली. जेथे केवळ जुने नाव नोंदलेले असेल, तेथे डिस्क आणि तीवरील मजकूर शाबूत असूनही संगणक सुरू न होण्याचा धोका होता. म्हणून डेबियनने नावाऐवजी प्रत्येक विभागाची ‘यूयूआयडी’ ही खूण नोंदवून घेण्याची सोय केली. नाव बदलले तरी ही खूण तीच राहते.

तथापि दोष दर वेळी ड्रायव्हरचाच असतो, असे नव्हे. नवी आवृत्ती चढविताना हजारो फायली लिहिल्या जातात, एरवी शांत असलेल्या डिस्कवर मोठा ताण येतो. आधीच सैल झालेली केबल किंवा झिजलेली डिस्क नेमकी त्याच वेळी उघडी पडते. येथे कावळा नुसता बसलेला असतो. फांदी आधीच किडलेली असते.

मग निवाडा कसा करावयाचा? डिस्क वाचता येत आहे तोवर महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र काढावी, हे पहिले काम. लिनक्समध्ये जुना कर्नल बहुधा शिल्लक ठेवलेला असतो. आरंभीच्या यादीतून तो निवडून संगणक चालवून पाहावा. चुका थांबल्या तर संशय नव्या ड्रायव्हरवर घ्यावा. दोहोंवरही त्या येत राहिल्या तर केबल, वीजपुरवठा आणि डिस्क तपासावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते. तीत बाद सेक्टरांची संख्या वाढत असेल तर डिस्क झिजत चालली आहे असे समजावे. सेक्टर ठीक असून सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलमध्ये असतो. हा आकडा एकदा वाढला की सहसा उतरत नाही. म्हणून तो किती आहे यापेक्षा तो अजून वाढतो आहे काय, हे पाहावे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल व ड्रायव्हर एकदम बदलले तर संगणक कदाचित चालू लागेल. पण कावळा कोणता आणि कीड कोणती, हे कळणार नाही, आणि पुढील आवृत्तीच्या वेळी तीच रात्र पुन्हा जागून काढावी लागेल.