धातूतून शब्दसंपदेकडे
(मराठी शिक्षक व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



दहावीचा विद्यार्थी ‘परावर्तन’ आणि ‘अपवर्तन’ या संज्ञा पाठ करतो आणि परीक्षेत नेमकी त्यांची अदलाबदल करतो. दोष स्मरणशक्तीचा नाही. हे शब्द त्याला बंद डब्यासारखे दिले गेले. डबा उघडून आत काय आहे, हे कोणी दाखवलेच नाही.

दोहोंच्या मुळाशी ‘वृत्’ हा धातू आहे. वळणे हा त्याचा एक अर्थ. ‘परा’ म्हणजे मागे, ‘अप’ म्हणजे बाजूला, दूर. आरशावर आपटून किरण मागे वळतो, ते परावर्तन. पाण्यात शिरताना आपल्या वाटेपासून ढळतो, ते अपवर्तन. त्याच धातूतून आवर्तन, परिवर्तन, प्रवृत्ती, निवृत्ती हे शब्द निघाले. एक किल्ली हाती आली की अनेक कुलुपे उघडतात. मराठीच्या तासाला शिकवलेला ‘श्लेष’ आणि विज्ञानातील ‘प्रकाशसंश्लेषण’ एकाच ‘श्लिष्’ म्हणजे जोडणे या धातूची अपत्ये आहेत, हे कळले की दोन विषयांमधली भिंतही गळून पडते.

पाणिनीच्या परंपरेतील धातुपाठात सुमारे दोन हजार धातू आहेत आणि उपसर्ग अवघे बावीस. शालेय मुलाला एवढ्या धातूंची गरज नाही. कृ, गम्, हृ, ज्ञा, स्था, ईक्ष् असे वीस-पंचवीस धातू पुरेत. ‘कृ’ला प्र, वि आणि सम् हे उपसर्ग लागून प्रकृती, विकृती आणि संस्कृती हे तीन शब्द सिद्ध होतात, त्यांतील अंतर समजावण्यात एक तास सहज रंगतो.

या अभ्यासाने शुद्धलेखनही सुधारते. ‘उज्ज्वल’मध्ये दोन ज का? कारण उद् + ज्वल. ‘महत्त्व’मध्ये दोन त का? कारण महत् + त्व. ‘गुरुत्व’मध्ये मात्र एकच, कारण मूळ शब्द गुरु. ‘परीक्षा’तील री दीर्घ, कारण परि + ईक्षा. नियम घोकण्यापेक्षा कारण कळलेले अधिक काळ टिकते.

प्रत्ययांचे दालनही असेच समृद्ध आहे. शूराचे शौर्य, धीराचे धैर्य, सुंदराचे सौंदर्य होताना पहिला स्वर वाढतो. ‘पुर’चा ‘पौर’ याच रीतीने झाला आणि त्याआधारे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘मेयर’साठी ‘महापौर’ हा शब्द दिला. शब्दाची घडण कळलेला माणूस नवा शब्द घडवू शकतो. तो शब्द आज सर्वांच्या तोंडी रुळला आहे.

ही संपदा केवळ संस्कृतची नव्हे. गोडवा, गारवा, खोडकर, दयाळू यांतील प्रत्यय घरातल्या बोलण्यातले आहेत. फारसीतून आलेला ‘बे’ मराठीने इतका आपलासा केला की ‘बेभरवशाचा’ म्हणताना तो परका वाटत नाही. मुलांना हेही दाखवावे.

मात्र सावधगिरी हवी. ‘विज्ञान’मध्ये वि उपसर्ग आहे, ‘विद्या’मध्ये नाही, तिथे विद् हा धातूच आहे. ‘प्रगती’त प्र आहे, ‘प्रश्ना’त नाही. शिवाय अर्थ काळानुसार सरकतो. ‘शिक्षा’ म्हणजे मूळचे शिकणे. मराठीत तो दंड झाला. म्हणून फोड करून झाल्यावर कोश उघडण्याची सवय लावावी.

उपाय खर्चिक नाही. फळ्याच्या कोपऱ्यात आठवड्याला एक धातू लिहावा. मुलांनी पाठ्यपुस्तकांतून, वृत्तपत्रांतून त्याचा परिवार शोधून वहीत मांडावा. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या घरी हेच काम रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटांत होऊ शकते. ज्या मुलाला आपल्या भाषेतील शब्द उलगडता येतो, त्याला अवघड पुस्तकाची भीती वाटत नाही. अन्यथा ज्ञानाची भाषा मराठी नव्हेच, असे ते मूल मुकाट्याने मानू लागते. ही समजूत रुजू न देणे घराच्या आणि शाळेच्या हाती आहे.