हार्मोनच्या गोळ्या : कोणाला, कधी, कशासाठी?

(आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)

आपल्या शिबिरांमधून आपण पाळीबद्दल बोलतो, बाळंतपणाबद्दल बोलतो, गर्भनिरोधकांबद्दल तर भांडतोही. पण पाळी गेलेल्या बाईबद्दल आपण फारसे बोलत नाही. मूल होण्याचे वय संपले की तिच्या शरीराशी जणू कोणाचेच देणेघेणे उरत नाही. आज मला याच बाईबद्दल बोलायचे आहे आणि तिला दिल्या जाणाऱ्या, किंवा न दिल्या जाणाऱ्या, हार्मोन उपचारांबद्दलही.

आधी साध्या गोष्टी. सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असे म्हणतात. आपल्या देशात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. बीजांडकोशांतून येणारे इस्ट्रोजेन कमी होते, त्याचे परिणाम शरीरावर दिसतात. अंगातून एकदम गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोपमोड होते, योनिमार्ग कोरडा पडून संबंधाच्या वेळी दुखते, लघवीला वरचेवर जळजळ होते, हाडे हळूहळू ठिसूळ होऊ लागतात. कोणाला यातले काहीच होत नाही, कोणाला वर्षानुवर्षे होते. हा आजार नाही. बऱ्याच जणी औषधाशिवाय यातून पार पडतात. पण जिला रात्र रात्र झोप नाही आणि सकाळी उठून कामावर जायचे आहे, तिला ‘सगळ्याच बायकांना होतं’ हे उत्तर देणे म्हणजे उत्तर न देणेच.

हार्मोन उपचार म्हणजे कमी झालेले इस्ट्रोजेन गोळी, पट्टी, जेल किंवा मलम यांतून बाहेरून देणे. गर्भाशय असेल तर त्याबरोबर प्रोजेस्टेरॉनही द्यावे लागते. का, ते इतिहासातून कळते.

१९४२ साली अमेरिकेत प्रेमारिन नावाची गोळी बाजारात आली. गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन तिच्यात होते. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने ‘फेमिनीन फॉरेव्हर’ नावाचे पुस्तक लिहिले. पाळी जाणे ही एक उणीव आहे, गोळी घेतली तर बाई कायम तरुण आणि हवीहवीशी राहील, असा त्याचा सूर होता. पुस्तक धडाक्याने खपले आणि गोळीही. या लेखकाला औषध कंपनीचा पैसा मिळत होता, हे पुढे उघड झाले. हवीहवीशी कोणाला, हा प्रश्न तेव्हा थोड्यांनीच विचारला.

१९७५ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. गर्भाशय असलेल्या बाईने नुसते इस्ट्रोजेन घेतले तर गर्भाशयाच्या आतल्या आवरणाचा कॅन्सर होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, असे त्यांत दिसले. तेव्हापासून प्रोजेस्टेरॉनची जोड आली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल विमेन्स हेल्थ नेटवर्क या अमेरिकन संघटनेने आणि तिच्यासारख्या इतर गटांनी धोक्याची माहिती थेट बाईच्या हातात पडली पाहिजे, असा आग्रह धरला. १९७७ पासून इस्ट्रोजेनच्या पाकिटात माहितीपत्रक घालणे तिथे सक्तीचे झाले. कंपनीचे आणि डॉक्टरांचे म्हणणे होते की बायका उगाच घाबरतील.

हार्मोनची लढाई आपल्यालाही नवी नाही. पोट राहिले का हे पाहण्यासाठी इथे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची तीव्र औषधे सर्रास दिली जात. १९८२ मध्ये सरकारने बंदी घातली, कंपन्या कोर्टात गेल्या, स्त्री संघटना आणि आरोग्य गटांनी प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे १९८८ मध्ये बंदी पक्की झाली. त्या लढ्याने आपल्याला संशय घ्यायला शिकवले. तो संशय जपायलाच हवा. पण नुसत्या संशयाने समोरच्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

आता मुख्य अभ्यासाकडे येते. अमेरिकन सरकारच्या पैशावर ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा मोठा अभ्यास झाला. त्यात ५० ते ७९ वयाच्या, गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रिया होत्या. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. धोका फायद्याहून जास्त दिसू लागला म्हणून जुलै २००२ मध्ये अभ्यासाचा हा भाग मध्येच थांबवला. हृदयविकारापासून गोळी वाचवते, हा वर्षानुवर्षांचा प्रचार त्यात टिकला नाही.

त्यातला एक आकडा नीट समजून घेऊ. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांपैकी ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत ८ जास्त. हीच गोष्ट वर्तमानपत्रांत ‘धोका २६ टक्क्यांनी वाढला’ अशी आली. दोन्ही खरे, पण ऐकणारीच्या मनावरचा परिणाम वेगळा. पक्षाघात आणि फुफ्फुसातली गुठळीही दहा हजारांत प्रत्येकी ८ ने जास्त, तर खुब्याचे हाड मोडणे ५ ने कमी होते. कोणीही टक्के सांगितले की आपण विचारायचे : किती जणींमागे किती?

दुसरे म्हणजे या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती. पुढे वयानुसार आकडे तपासले तेव्हा दिसले, की साठीच्या आतली किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेली निरोगी बाई खरोखर त्रास होतो म्हणून हे उपचार घेत असेल, तर धोका बराच कमी असतो आणि बहुधा फायदा जास्त. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले होते. तो भाग २००४ मध्ये पक्षाघात वाढल्यामुळे थांबला, पण स्तनाचा कॅन्सर त्यांच्यात वाढला नव्हता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे ठळक चौकटीतले इशारे काढण्याचे जाहीर केले. गर्भाशय असताना नुसते इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा मात्र ठेवला. म्हणजे लंबक पुन्हा फिरला आहे. ‘कायम तरुण राहा’ची जाहिरात नव्या वेष्टनात येईल. आपण तयार असायला हवे.

पण मैत्रिणींनो, हा सगळा वाद ज्या बाईला दवाखान्यात बसून बोलायला वेळ मिळतो, तिच्याबद्दलचा आहे. आपल्याकडे आणखी एक बाई आहे. तिची पाळी वयाने गेलेली नाही, ऑपरेशनने गेली आहे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न पुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, यासाठी डॉक्टरकडे जावे तर ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालतात. फडात पाळीचा त्रास काढायचा, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. मग पिशवीच काढून टाकलेली बरी, असे तिलाही वाटू लागते.

पिशवी काढणे आणि बीजांडकोश काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण हार्मोन चालू राहतात, जरी ते थोडे लवकर बंद होण्याची शक्यता असली तरी. दोन्ही बीजांडकोश काढले तर तिशीतल्या बाईला एका दिवसात पन्नाशीतली अवस्था येते. वाफा जोरात येतात, हाडे लवकर झिजतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि या बाईच्या बाबतीत वैद्यकशास्त्रात फारसा वाद नाही. स्तनाच्या कॅन्सरसारखे दुसरे कारण आड येत नसेल, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत तिला इस्ट्रोजेन द्यावे, असेच सांगितले जाते.

म्हणजे पाहा, ही गोळी ज्यांना नुसते तरुण दिसायचे होते त्यांना विकली गेली, आणि जिच्या शरीरातून ते हार्मोनच कापून काढले, तिला हा शब्दही कोणी सांगत नाही. आपले काय काढले, हेच तिला माहीत नसते. हाताशी कागद नसतो. मोळी उचलताना कंबर धरते, ती ‘अशक्तपणा’ म्हणून सलाइन लावून परत पाठवली जाते.

म्हणून आपण काय करू शकतो? वस्तीत, गावात पिशवी काढलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारा : ताई, दोन्ही बाजूंचे बीजांडकोशही काढले का? डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट मागायला तिच्याबरोबर जा. ते कागद तिचा हक्क आहेत. पंचेचाळिशीच्या आत बीजांडकोश गेले असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे हार्मोन आणि हाडांच्या तपासणीबद्दल थेट विचारा.

जिची पाळी वयाने गेली आहे तिच्याशी बोलताना : त्रास किती आहे, पूर्वी स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार झाला आहे का, हे आधी. नुसता कोरडेपणा किंवा लघवीची जळजळ असेल तर योनिमार्गात लावायचे कमी मात्रेचे मलम पुरते, त्यातले फार थोडे रक्तात जाते. गुठळीचा धोका गोळीपेक्षा त्वचेवाटे दिलेल्या औषधात कमी असतो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर मात्र थांबू नका, तपासणी झालीच पाहिजे.

आणि ऑपरेशन होण्याआधीची लढाई तर आहेच. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारण्यास सांगितले. आपल्या जिल्ह्यात त्यांचे काय झाले, हे जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा. आणि एक मागणी त्यात जोडा : आधीच ऑपरेशन झालेल्या स्त्रियांची यादी करून त्यांच्या हाडांची, हृदयाची तपासणी आणि गरज असेल तिथे हार्मोन उपचार सरकारी रुग्णालयात मोफत मिळाले पाहिजेत.

गोळी घ्यायची की नाही, हे आपण कोणत्याही बाईला सांगायचे नाही. ते तिने ठरवायचे. पण तिचे शरीर, तिचा कागद आणि खरे आकडे तिच्यासमोर असले तरच तिला ठरवता येईल. तेवढे काम आपले आहे.