घाट, घाई आणि आपण



काळी नदीवर धरण झाले, जुने सुपा पाण्याखाली गेले आणि आपली कुटुंबे रामनगर, जोयडा अशी विखुरली. तेव्हापासून लग्नकार्य असो वा जत्रा, एकमेकांना भेटायचे तर रस्त्यावर उतरावेच लागते. म्हणून आज रस्त्याविषयीच बोलतो.

रामनगरवरून अनमोड घाटाने गोव्याकडे जाणारा महामार्ग घ्या, की जोयड्याहून अणशी घाटाने कारवारला उतरणारा रस्ता घ्या. वळणे, पावसाळ्यातले धुके, जंगलातून अचानक आडवा येणारा गवा. अशा ठिकाणी मागून हॉर्न वाजवत पुढच्याला रेटणे, वळणावर ओव्हरटेक करणे, समोरच्याच्या डोळ्यांवर अप्पर मारणे, याला आपली काही पोरे ‘डेरिंग’ म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमाप्रमाणे धोकादायक रीतीने गाडी चालवणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासही होऊ शकतो.

मिळते काय, याचा हिशेब करा. तीस किलोमीटरला ताशी ५० च्या वेगाने ३६ मिनिटे लागतात, ६० च्या वेगाने ३०. वाचली सहा मिनिटे! उलट वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले.

आपल्याकडे तर अपघातानंतर मोठ्या रुग्णालयासाठी बेळगाव, हुबळी किंवा कारवार गाठावे लागते. शहरात वाचू शकणारा जखमी इथे वाटेतच जातो. आणि मरतो तो बहुधा पायी चालणारा, नाहीतर दुचाकीवाला.

चांगल्या रस्त्यासाठी आपण निवेदने देतो, ती द्यायलाच हवीत. पण रस्ता गुळगुळीत झाला की वेगही वाढतो. म्हणून यापुढील निवेदनात डांबराबरोबर वळणावरचे आरसे, कठडे, चमकणारे फलक आणि रुग्णवाहिकाही मागा. ग्रामसभेत तसा ठराव करून घ्या.

अपघात दिसला तर थांबा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात संरक्षण दिले आहे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, गाडीची चावी मुलाच्या हाती देताना दोन शब्द जरूर सांगा. घाट चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, ही जुनी रीत त्याला शिकवा.