भरपाई वारसांची, टक्केवारी कोणाची?



पत्रादेवीपासून पोळेपर्यंत गोव्याची लांबी ओलांडणारा राष्ट्रीय महामार्ग 66 आणि बेळगावकडे चढणारा चोर्ला घाट या मार्गांवर या प्रदेशाचा व्यापार व व्यवहार अवलंबून आहे. याच मार्गांवर एखाद्या घरचा कर्ता पुरुष अपघातात दगावतो, तेव्हा त्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळतो. परंतु दुःखाचे दिवस सरण्यापूर्वीच पुष्कळदा एखादा अपरिचित गृहस्थ त्या दारात येऊन उभा राहतो. विमा कंपनीकडून मोठी रक्कम मिळवून देण्याचे आश्वासन तो देतो. आज एक पैसाही नको, रक्कम हाती आली म्हणजे शंभरातले वीस-पंचवीस द्यावेत, एवढेच त्याचे म्हणणे असते. घरातील माणसे कोऱ्या कागदावर सही करतात किंवा अंगठा उठवितात. पुढे काही वर्षांनी भरपाई बँकेत जमा होते, त्याच दिवशी तो गृहस्थ पुन्हा हजर होतो.

ही टक्केवारी देणे त्या कुटुंबावर बंधनकारक आहे काय, आणि ती मागितली गेल्यास तिला हरकत कोठे व कशी घ्यावी, याची माहिती प्रत्येक गावात असणे अगत्याचे आहे.

भरपाई ठरते कशी?

दलालाचा सारा रुबाब एका समजुतीवर चालतो. आपल्या ओळखीमुळेच एवढी रक्कम मिळाली, असे तो सांगतो. वस्तुस्थिती निराळी आहे. भरपाईचे गणित सर्वोच्च न्यायालयाने 2009 व 2017 च्या निर्णयांनी घालून दिलेले आहे.

समजा, 34 वर्षे वयाचा एक गवंडी अपघातात मरण पावला. त्याची मासिक कमाई 15,000 रुपये होती आणि पत्नी, दोन मुले व आई त्याच्यावर अवलंबून होती. चाळिशीच्या आतील अशा स्वतंत्र व्यावसायिकाच्या कमाईत भावी वाढीपोटी 40 टक्के मिळविले जातात. म्हणजे 21,000 रुपये झाले. चार माणसे अवलंबून असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक-चतुर्थांश वजा होतो, उरले 15,750. वर्षाचे 1,89,000. त्या वयासाठी गुणक 16 आहे. गुणाकार 30,24,000 रुपये येतो. इतर किरकोळ बाबी यात आणखी मिळविल्या जातात.

कमाई, वय व नाते यांचे पुरावे लागतात, दुसऱ्या वाहनाच्या चालकाची चूक सिद्ध करावी लागते, आणि हे काम चांगला वकील चांगल्या रीतीने करतो, यात शंका नाही. परंतु त्या 30,24,000 रुपयांवर कोणी 20 टक्के मागितले, तर ते 6,04,800 रुपये होतात. दरमहा 15,750 च्या हिशेबाने ही त्या विधवेच्या घरची अडतीस महिन्यांची रोजीरोटी होय. वीस टक्के हा आकडा ऐकताना लहान वाटतो. घराच्या हिशेबात तो तीन वर्षांहून मोठा आहे.

वकिलास टक्केवारी घेता येत नाही

वकिलाने आपल्या श्रमाचे शुल्क घेणे सर्वस्वी रास्त आहे, आणि ते आरंभीच लेखी ठरवून पावती घेऊन देणे पक्षकाराच्याही हिताचे आहे. परंतु दाव्याच्या निकालावर अवलंबून राहणारे शुल्क ठरविणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे यास भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी स्पष्ट मनाई केली आहे.

या मनाईचा प्रत्यय तेलंगणातील एका खटल्यात आला. मोटार अपघातात पती गमावलेल्या एका स्त्रीकडून भरपाईच्या प्रमाणात जादा शुल्कापोटी धनादेश घेण्यात आला. तो वटला नाही, तेव्हा तिच्यावरच फौजदारी खटला गुदरण्यात आला. 5 डिसेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. न्यायालयीन रकमेच्या टक्केवारीवर वकिलाने केलेली मागणी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध व व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे न्यायालयाने त्या वेळी सांगितले.

काही ठिकाणी शुल्क पुरे होईपर्यंत कागदपत्रे परत न देण्याची धमकी दिली जाते. त्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली निर्णय दिला आहे: शुल्क बाकी आहे या सबबीवर वकिलास पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत.

दलाल आणि सल्लागार कंपन्या

दारात येणारा गृहस्थ पुष्कळदा वकील नसतोच. तो एखाद्या सल्लागार कंपनीचा माणूस असतो किंवा नुसताच मध्यस्थ. दुसऱ्याच्या दाव्यास पैसा पुरवून त्यातील वाटा घेण्याचा करार आपल्याकडे मुळातच बेकायदेशीर मानला जात नाही. ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परंतु 1876 सालीच प्रिव्ही कौन्सिलने बजावले होते की, असा करार पिळवणुकीचा व अन्याय्य असेल तर न्यायालय तो उचलून धरणार नाही. 1872 चा भारतीय करार कायदाही दडपणाखाली किंवा गैर प्रभावाने घेतलेल्या संमतीचा करार टाळण्याची मुभा देतो. अंत्यविधीच्या आठवड्यात, मजकूर वाचून न दाखविता घेतलेली सही या कसोटीवर सहज टिकणारी नव्हे.

न्यायालयांभोवती गिऱ्हाईके गोळा करणाऱ्या दलालांची यादी करून ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार वकील कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने उच्च न्यायालय, जिल्हा न्यायाधीश व जिल्हाधिकारी यांना दिलेला आहे. यादीत नाव असताना दलाली करणाऱ्यास शिक्षाही होऊ शकते.

हरकत कशी घ्यावी?

प्रथम हिशेब लेखी मागावा: कोणते काम केले, कोणता खर्च झाला, पावत्या कोठे आहेत. ही मागणी स्पीड पोस्टाने करावी व तिची प्रत जपून ठेवावी. हिशेब न देता रकमेची घाई करणाऱ्यास काहीही देऊ नये. बँकेचे पासबुक, एटीएम कार्ड व कोरे धनादेश कोणाच्याही स्वाधीन करू नयेत.

मागणारा वकील असेल तर 1961 च्या वकील कायद्यान्वये महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे तक्रार करता येते. ताकीद, काही काळ वकिली बंद, किंवा नाव कमी करणे, अशा शिक्षा तेथे होऊ शकतात. वकिलांविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगाकडे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी ठरविलेले आहे. तेव्हा तेथे वेळ दवडू नये.

मागणारी सल्लागार कंपनी असेल आणि तिने शुल्क घेतले असेल, तर मात्र जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क लागत नाही. आरंभीच्या सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक दूरध्वनी क्रमांक आहे. धाकदपटशा झाल्यास पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी.

अज्ञान मुलांचा वाटा मुदत ठेवीत ठेवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये घालून दिली. ती ठेव मोडून टक्केवारी भागवावी असे कोणी सुचवील, तर ठेव न्यायाधिकरणाच्या परवानगीवाचून मोडता येत नाही, एवढे उत्तर पुरे आहे.

मध्यस्थावाचून

मुळात मध्यस्थाची गरज किती, हेही पाहावे. अपघाताचा अहवाल न्यायाधिकरण व विमा कंपनी यांच्याकडे पाठविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. तरीही स्वतंत्र अर्ज करावयाचा झाल्यास विलंब करू नये. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. अपघात घाटात झाला तरी दावा राहत्या घराच्या क्षेत्रातील न्यायाधिकरणात दाखल करता येतो. वाहन पळून गेले व सापडले नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद आहे. तिचा अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो.

वकील हवाच असेल, तर 1987 च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया व मुले यांस उत्पन्न कितीही असले तरी विनामूल्य वकील मिळतो. विधवेने त्यासाठी दारिद्र्याचा दाखला आणण्याची आवश्यकता नाही. जिल्हा न्यायालयातील विधिसेवा प्राधिकरणाचे कार्यालय किंवा 15100 हा क्रमांक एवढे ठाऊक असले म्हणजे झाले.

हे ठाऊक करून देणे कोणाचे काम? ज्या घरावर आघात झाला त्या घरातील माणसांना त्या दिवसांत कायदा वाचण्याची शुद्ध नसते. म्हणून शाळेतील शिक्षकाने, पंचायतीच्या सचिवाने, तलाठ्याने त्या घरी दलालाच्या आधी पोहोचले पाहिजे. समोर आलेला कागद मोठ्याने वाचून दाखवावा, कोऱ्या जागा रेघा मारून बंद कराव्यात आणि विधिसेवेच्या कार्यालयापर्यंत सोबत करावी. यास खर्च येतो तो एका सकाळचा. त्या एका सकाळीने एखाद्या घरची तीन वर्षांची भाकरी वाचू शकते.